काचपर्वतातल्या कोंबड्या

मोरीतला नळ खर्रर्र करून खाकरला आणि दुपारची शांतता मोडली.

अंजनीने पुस्तकातून मान वर केली. बदलापूरच्या नळाची एक रीत होती. तो आधी खाकरायचा, मग दोनदा शिंकायचा, मग बराच वेळ विचार करायचा आणि त्यानंतर मनात आलं तर पाणी द्यायचा. खाकरण्यापासून पाण्यापर्यंत तिचं साधारण दीड पान वाचून व्हायचं. शेजारी पाच वर्षांची बकुळा तोंड उघडं टाकून झोपली होती. नवरा धर्मराज अंबरनाथच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. म्हणजे हे दीड पान फक्त तिचं, त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. असली दीड-दीड पानं जोडून तिने चारशे बारा पानांची अद्भुत कादंबरी संपवली होती, आणि आता तीच कादंबरी तिसऱ्यांदा चालली होती.

कादंबरीचं नाव 'काचपर्वताचा धनी'. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात तिची एकुलती एक प्रत होती, तीही मुंबईच्या रद्दीतून आलेली. परक्या इतक्या हातांतून गेल्यावर पुस्तकाचं जे होतं तेच तिचंही झालं होतं. पानं सुटली, पाठ मोडली, आणि सहा वर्षांपूर्वी, आल्या आल्याच, तिला इतर जखमी पुस्तकांबरोबर गोणीत घालून उल्हासनगरच्या बाइंडरकडे धाडण्यात आलं. तिथून ती जाड पुठ्ठा, चॉकलेटी कापड आणि खळीचा वास घेऊन ठणठणीत बरी होऊन आली. त्यानंतर आख्ख्या बदलापूरने ती वाचली होती. समासांत पेन्सिलीने शेरेही होते. बहुतेक शेरे वाचनालयाचे चिटणीस विष्णुपंत यांचे, आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरात 'सहमत. कौ.' हा वरच्या मजल्यावरच्या कौसाबाईंचा.

कथा अशी, की एका राजपुत्राच्या राज्याला एका राक्षसाने हैराण केलेलं असतं. राक्षस राहतो काचेच्या डोंगरावर. राजपुत्र तलवार घेऊन निघतो, सात खिंडी ओलांडतो आणि पान एकशे ब्याण्णवच्या अगदी शेवटच्या ओळीत राक्षसाच्या गुहेशी पोचतो. 'राजपुत्राने दार ढकलले आणि आत पाहतो तो काय,' इथे पान संपतं. पहिल्या वाचनाच्या वेळी अंजनीने इथे श्वास रोखून समोरच्या पानावर उडी घेतली होती, आणि एकशे त्र्याण्णववर वाचलं होतं:

'पिल्ले एकमेकांना बिलगून बसली असतील तर त्यांना थंडी वाजते आहे असे समजावे.'

पुढची सोळा पानं हेच. पिल्लांखाली भाताच्या तुसाची जाड गादी करावी. कंदील किती उंचीवर टांगावा. पांढरी लेगहॉर्न कोंबडी स्वभावाने भित्री असते, तिच्याजवळ मोठ्याने बोलू नये. आजारी पक्षी ताबडतोब वेगळा करावा. राक्षसाचं नाव नाही. मग दोनशे नऊवर एकदम, 'असे म्हणून राजपुत्र मागे न पाहता पर्वत उतरू लागला,' आणि राज्य सुखी.

विष्णुपंतांनी समासात लिहिलं होतं, 'राक्षस म्हणजे अहंकार. पिल्ले म्हणजे वृत्ती. वृत्तींना ऊब मिळताच अहंकार आपोआप विरघळला. लेगहॉर्न हे गंधर्वकुळातील नाव असावे. धन्य तो लेखक!' खाली, 'सहमत. कौ.'

अंजनीला अहंकाराचं काही कळलं नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं, की एक राजपुत्र मारायला म्हणून आला, दार उघडलं तर आत गारठलेली पिल्लं, आणि त्याने तलवार खाली ठेवून आधी तुसाची गादी केली. हे वाचलं तेव्हा बकुळा तापाने फणफणली होती आणि अंजनी रात्रंदिवस तिच्या उशाशी होती. तिला रडूच फुटलं. इतक्या वर्षांत पुस्तकातल्या एकाही शूर पुरुषाने कुणाच्या अंथरुणाची चौकशी केली नव्हती.

तेव्हापासून बकुळाला रोज जेवताना लेगहॉर्नची गोष्ट लागायची. तिच्यामुळे चाळीतली सगळी पोरं जिन्याखाली 'लेगहॉर्न-लेगहॉर्न' खेळायची. खेळात एकाने भित्रं व्हायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याजवळ हळू बोलायचं. चाळीच्या इतिहासात पोरांचा एवढा शांत खेळ दुसरा झाला नाही.

अशात त्या कादंबरीवरून निघालेला हिंदी सिनेमा कॅसेटवर आला.

वाचनालयाचा वर्धापनदिन जवळ आलेला. विष्णुपंतांनी जाहीर केलं, आधी सर्वांनी मिळून सिनेमा पाहायचा आणि वर्धापनदिनी 'कादंबरी आणि चित्रपट : एक तुलना' या विषयावर व्याख्यान. दरवर्षी कल्याणहून येणारे प्राध्यापक यंदा म्हणाले, राक्षसांवर आपण बोलत नाही. अंजनीने ही बातमी ऐकली आणि पदर खोचून थेट चिटणिसांच्या टेबलासमोर उभी राहिली.

तिला व्याख्यानापेक्षा खुर्ची हवी होती. वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीत सात खुर्च्या. सहांवर पुरुष आणि सातवी दोन वर्षं रिकामी. या समितीने तीन वर्षांत मुलांसाठी दोन पुस्तकं घेतली होती. एक पाढ्यांचं, दुसरं आदर्श बालकांच्या दिनचर्येचं. बकुळा वाचायला लागेल तेव्हा तिच्या हाती ते दिनचर्येचं पुस्तक पडणार, हे अंजनीला मुळीच मान्य नव्हतं.

"समितीत यायचंय?" विष्णुपंत चष्म्यावरून म्हणाले. "आधी व्याख्यान देऊन दाखवा. सभासदांना पटलं तर बघू. अर्ज करा. दोन प्रतींत."

अर्जाच्या छापील कागदावर 'व्याख्यात्याचे शिक्षण', 'व्याख्यात्याचे वय' आणि, का कोण जाणे, 'पतीची संमती' असा रकाना होता. धर्मराजने त्यात लिहिलं, 'संमती आहे. माझी लागते हे तिला आजच कळलं.' विष्णुपंतांनी हा अर्ज शेरा अस्पष्ट म्हणून परत पाठवला. दुसरा अर्ज शाई निळी म्हणून परत आला. तिसरा मंजूर झाला, तोही चौकशीअंती पहिलाच निघाला.

व्याख्यान ठरल्याचं कळताच सल्ले सुरू झाले. कौसाबाई रोज जिना उतरून एक सल्ला देऊन जायच्या. "अगं, बोलताना पदराशी खेळू नकोस. आमच्या नणंदेने हळदीकुंकवाला भाषण केलं, तर पदराची सुतळी झाली." दुसऱ्या दिवशी, "मध्ये मध्ये 'परंतु' म्हणत जा. वजन येतं." तळमजल्यावरच्या आण्णांनी आयुष्यात एकदाच, युनियनच्या सभेत, आभार मानले होते. ते म्हणाले, "पहिल्या रांगेकडे बघायचंच नाही. दुसरीकडे बघायचं." दुसऱ्या रांगेत कौसाबाई बसणार असल्याने हा सल्ला अंजनीने मनातल्या मनात रद्द केला.

व्हीसीआर भाड्याने आणायला ती आणि धर्मराज उल्हासनगरला गेली. दुकानदार सिंधी शेठ, फार अगत्याचा. "बेन, मशीन एकदम मक्खन है. हेड मैंने खुद साफ किया. बस, प्यार से ले जाना." त्यांनी ते प्यारसे, बकुळाच्या गोधडीत गुंडाळून नेलं. वाटेत रिक्षातल्या एका बाईने गोधडीचा कोपरा हळूच उचलून बाळाचं तोंड पाहिलं आणि नंतर बदलापूरपर्यंत एक शब्द बोलली नाही.

रंगीत टीव्ही फक्त कौसाबाईंकडे. दोन खोल्यांत पन्नास माणसं, खिडकीच्या गजांना लटकलेली पोरं वेगळीच. विष्णुपंत पुढे खुर्चीवर, हातात वही. कॅसेट आत गेली, पडद्यावर मुंग्या आल्या, मग चित्र. एका भव्य मांडवात जरीचे कपडे घातलेली माणसं नाचत होती.

"राजदरबार," विष्णुपंतांनी वहीत नोंद केली.

दरबार बराच वेळ नाचला. मग सगळे जेवायला बसले. कॅमेरा एकेकाच्या ताटासमोर थांबायचा आणि तो माणूस घास हातात धरून हसायचा. मग एक नवरी आईच्या गळ्यात पडून रडायला लागली, तिच्याबरोबर कौसाबाईही रडल्या. "परंतु राजपुत्राला बहीण होती का?" त्यांनी डोळे पुसत विचारलं. तेवढ्यात पडद्यावर जेवण वाढायला खुद्द दुकानदार शेठ आला, ओळखीचं हसला आणि सगळ्यांच्या ध्यानात आलं, की कॅसेट बदललीय. ही शेठच्या पुतणीच्या लग्नाची.

धर्मराज सायकल हाणत गेला आणि खरी कॅसेट घेऊन आला. शेठने माफी मागितली आणि वर विचारलं, शादी कैसी लगी.

खरा सिनेमा मात्र वाईट निघाला. म्हणजे डोंगर होता, राक्षस होता, सात खिंडींत सात गाणीही होती. पण राजपुत्राने गुहेचं दार ढकललं तेव्हा पन्नास माणसांनी श्वास रोखला, बकुळा उभी राहिली, आणि आत नुसते आरसे! राजपुत्राने एक मोठा आरसा उचलून राक्षसासमोर धरला, राक्षसाने स्वतःचं तोंड पाहिलं आणि तो फुटून मेला. समाप्त.

"लेगहॉर्न कुठंय?" खिडकीतून एका पोराने विचारलं.

एकदम गलका. कोंबड्या गाळल्या! आख्खी सोळा पानं गाळली! आणि हा आरसा कुठून आणला? कादंबरीत आरशाचं नावसुद्धा नाही. पोरांनी भोकाड पसरलं. आण्णा म्हणाले, "हे मुंबईचे लोक. गाणी सात घालतील, पण दोन पिल्लं दाखवायची म्हटलं की ह्यांच्या पोटात दुखतं." विष्णुपंतांचा तर अहंकार विरघळण्याचा प्रसंगच कापला गेला होता. त्यांनी तिथल्या तिथे निर्मात्याला पत्र तयार केलं, जावक क्रमांकासह: 'आपल्या चित्रपटातून कोंबड्या वगळण्यात आल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. तरी त्या आठ दिवसांत पूर्ववत समाविष्ट करून तसे कळविणे.' त्रेसष्ट सह्या झाल्या. कौसाबाईंनी सहीपुढे 'सहमत' लिहिलं. पत्र रजिस्टर पोस्टाने गेलं.

अंजनीला आयता विषय मिळाला. पुढचे आठ दिवस तिने पोळ्या लाटताना, कपडे धुताना, बकुळाच्या वेण्या घालताना व्याख्यान रचलं. एकदा वेणीत तीनऐवजी पाच पेड झाले, ते तसेच शाळेत गेले.

वर्धापनदिनी वाचनालयाचा हॉल भरला. ग्रंथनिवड समितीचे सहा जण पहिल्या रांगेत, एक खुर्ची सोडून. अंजनी माईकसमोर उभी राहिली. तिने व्याख्यानाचा कागद पुढे पसरला.

"सिनेमावाल्यांना," ती म्हणाली, "शूर माणूस म्हणजे मारणारा माणूस एवढंच ठाऊक. आपल्या कादंबरीतला राजपुत्र बघा. दार उघडतो तर आत थंडीने कुडकुडणारी पिल्लं. तो तलवार खाली ठेवतो. तूस आणतो. कंदील टांगतो. परंतु सिनेमाने काय केलं? हे सगळं फेकून तिथे एक आरसा घुसवला! मी तीनदा कादंबरी वाचली. आरसा मला कुठेही सापडला नाही. कुणाला सापडला असेल तर त्याने हात वर करावा."

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या दोघांनी मान डोलावली. आणि दाराशी, अगदी शेवटी, एक हात वर झाला.

हात जवळच्या खरवई गावच्या शिवरामचा. पन्नाशीचा शेतकरी, घरामागे कोंबड्यांची शेड असलेला. वर्धापनदिनाला तो आला नव्हता, पुस्तक परत करायला आला होता आणि गर्दीत अडकला होता.

"बाय, रागवू नका," तो म्हणाला. "आरसा हाय. माझ्याकडं हाय."

"तुमच्याकडे? कुठे?"

"ह्या बुकात." त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक वर धरलं. चॉकलेटी कापड, जाड पुठ्ठा. वाचनालयाचंच, कोंबडीपालनाचं. "पिल्लांचं लिवलंय, लिवलंय, आन् मग एकदम गुहा येतं. राक्षस येतो. राजाचा पोर आरसा धरतो. मी म्हनलं, शिकल्या मानसांनी लिवलंय, त्यांना म्हायती असंल."

"मग तुम्ही काय केलंत?" आण्णांना राहवेना.

"काय करनार? लिवलंय तसा केला. शेडात आरसा टांगला."

"मग?"

"कोंबड्या त्याच्यात बघत बसतात. भांडनं कमी झाली."

पुस्तक हातोहात पुढे आलं. अंजनीने ते कादंबरीशेजारी उघडून ठेवलं. दोन्हींत पान एकशे त्र्याण्णव. दोन्हींत पानाच्या तळाशी बारीक आकडा, तेरा. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुड्यांनी बांधतात आणि प्रत्येक जुडीवर, म्हणजे फर्म्यावर, असा आकडा असतो हे तिला माहीत होतं. उल्हासनगरच्या बाइंडरने दोन्ही पुस्तकं एकाच दिवशी उसवली होती. आकडा बघितला, तेरा नंतर चौदा हवा एवढं पाहिलं आणि शिवून टाकलं. त्याचं काम चोख होतं. फक्त तेरावा फर्मा याचा त्याला आणि त्याचा याला गेला होता.

म्हणजे काचपर्वतात कोंबड्या कधी नव्हत्याच. ती रडली होती ते कोंबडीपालनाच्या पुस्तकावर.

कानांच्या पाळ्या तापल्या. विष्णुपंत पुढे झुकून घाईघाईने कुजबुजले, "अंजनीबाई, प्रकृतीचं कारण सांगा. सभा तहकूब करू. नंतर छापील खुलासा काढता येईल." तिने समोर पाहिलं. पहिल्या रांगेतली रिकामी खुर्ची तिला एकदम फार लांब दिसायला लागली. खुर्चीमागे, धर्मराजच्या मांडीवर, बकुळा तिच्याकडे टक लावून बघत होती.

"प्रकृती बरी आहे," अंजनी माईकवर म्हणाली आणि विष्णुपंतांचं कुजबुजणं सगळ्यांना कळून चुकलं. "आपण सगळे चुकलो. सिनेमावाले बरोबर आहेत. ह्या कोंबड्या शिवरामभाऊंच्या. आपण सहा वर्षं त्यांच्या कोंबड्या वापरतोय."

आधी आण्णा हसले. मग शिवराम. मग हॉलच.

हसू ओसरल्यावर तिने शिवरामच्या पुस्तकातून खरी सोळा पानं वाचून दाखवली. सिनेमात होतं तसंच निघालं. आरसे, राक्षस, स्फोट. शेवटी कौसाबाई दुसऱ्या रांगेतून म्हणाल्या, "बया, यापेक्षा आपल्या कोंबड्या बऱ्या होत्या की."

"मग आता खरी तुलना करते," अंजनी म्हणाली. आता तिने कागद बाजूला सारला होता. "सिनेमातला राजपुत्र मारतो. लेखकाचाही मारतो. फक्त आपल्या बदलापूरचा राजपुत्र तलवार ठेवून गादी करतो. त्याला कुणी लिहिलेलं नाही, तो सुई-दोऱ्याने झालाय. पण माझ्या मुलीला मी सांगणार असेन, तर तोच सांगेन."

टाळ्यांमध्ये विष्णुपंत उठले. त्यांनी घसा साफ केला, समासातला आपला शेरा एकदा वाचला, खिशातून खोडरबर काढलं, पुन्हा ठेवलं. "सातव्या खुर्चीबाबत," ते म्हणाले, "समितीत चूक मोठ्याने कबूल करणारं कुणीतरी असावं. आम्हा सहा जणांना तो सराव नाही." ठराव मंजूर झाला. दुसरा ठराव असा झाला, की फर्मे आपापल्या घरी परत शिवून घ्यावेत. शिवरामने उभं राहून विचारलं, आरसा काढायचा का. सर्वानुमते ठरलं, नको. तिसऱ्या ठरावाने निर्मात्याला दुसरं पत्र गेलं, 'कोंबड्या आमच्याकडेच सापडल्या आहेत. तसदीबद्दल क्षमस्व.'

संध्याकाळी घरी जेवायला बसल्यावर बकुळाने हात मागे घेतला. "लेगहॉर्न खोटी?"

"खोटी नाही गं," अंजनीने तिच्यापुढे बसून भात कालवला. "खरी आहे. फक्त दुसऱ्या पुस्तकातली आहे. बाइंडरकाकांनी चुकून आपल्यात शिवली."

"मग तिला कळलं नाही, हे आपलं पुस्तक नाही ते?"

"नाही कळलं. सगळे तिच्याशी हळू बोलायचे ना. तिला आपलंच वाटलं."

बकुळाने एक घास खाल्ला. विचार केला. बाबांकडे पाहिलं, तर त्यांनी आमटीची वाटी तोंडाला लावलेली. आईकडे पाहिलं, स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "आपण तिघं एकाच पुस्तकातले आहोत, हे कशावरून?"